ती मुलांना घेऊन घर सोडते तेव्हा : पहिल्या रात्रीपासून स्वतःच्या खोलीपर्यंत

माझी धाकटी बहीण नवऱ्याच्या मारहाणीमुळे पहिल्यांदा घर सोडून आमच्याकडे आली आणि जेमतेम नऊ दिवस राहिली. सोबत दोन मुलं, एक पर्स आणि अंगावरचे कपडे. दहाव्या दिवशी दोन्हीकडची चार वडीलधारी माणसं आली. "संसार म्हटलं की भांड्याला भांडं लागतंच" हे वाक्य तीनदा बोललं गेलं आणि ती परत गेली. तेव्हा मला तिचाच राग आला होता. पुढे कळलं की परत जाण्याशिवाय आम्ही तिच्यासमोर काही ठेवलंच नव्हतं. भाचीची परीक्षा तोंडावर आली होती आणि पुस्तकं त्या घरात होती. आधार कार्ड, बँकेचं पासबुक, मुलांचे जन्मदाखले सगळं तिथेच होतं. आम्ही तिला रात्री घरात घेतलं, पण दोन महिन्यांनी ती कुठे राहील हे कुणीच बोललं नव्हतं.

दीड वर्षाने ती दुसऱ्यांदा निघाली. त्या वेळी आम्ही तीन जागांचा विचार करून ठेवला होता. पहिल्या रात्रीची जागा, पहिल्या काही महिन्यांची जागा आणि तिच्या स्वतःच्या नावावरची खोली. तिन्हींची तयारी वेगळी, तिन्हींचे कागद वेगळे. त्यानंतर आणखी दोघीजणींसोबत मी हाच रस्ता चालले. हा लेख पहिल्यांदाच अशा बाईच्या पाठीशी उभं राहणाऱ्यांसाठी आहे, मग तुम्ही तिची बहीण असा, भाऊ असा, मैत्रीण किंवा शेजारीण असा. कायदे आणि सोयी महाराष्ट्रात लागू असणाऱ्या आहेत.

आत्ता, या क्षणी मारहाण सुरू असेल तर पुढचं काही वाचत बसू नका, 112 ला फोन करा.

1. कधी निघायचं ते तिला ठरवू द्या

"आजच्या आज निघ" हे बोलायला सोपं असतं. पण बाई निघते आहे हे नवऱ्याला कळल्यापासूनचे दिवस सगळ्यात धोक्याचे असतात. तो कधी घरी नसतो, पगार कधी होतो, दारू कोणत्या दिवशी जास्त होते, सासू कधी देवळात जाते, हे सगळं तिला ठाऊक असतं, आपल्याला नसतं. म्हणून वेळ तिने ठरवायची आणि बाकीची जुळवाजुळव आपण करायची.

एक खुणेचा शब्द ठरवून ठेवा. आमचा होता "मिक्सर बिघडलाय". हा मेसेज आला की मी उलट फोन करायचा नाही, थेट रिक्षा घेऊन ठरलेल्या कोपऱ्यावर जायचं. मुलांना मात्र आधीपासून काही सांगू नका. लहान मूल भाबडेपणाने बाबांना सांगून टाकतं आणि पुढे काही विपरीत घडलं तर आयुष्यभर स्वतःला दोष देत राहतं.

तिला धमकावूही नका. "या वेळी परत गेलीस तर माझं दार बंद" असं मी पहिल्या वेळी म्हणाले होते. त्या एका वाक्यामुळे पुढची दीड वर्षं तिने मला काही सांगितलंच नाही.

2. कागद : आधी फोटो, मग झेरॉक्स, शेवटी मूळ प्रत

मूळ कागद एकदम उचलले तर कपाट उघडताच लक्षात येतं. बहिणीने पहिल्या आठवड्यात फक्त फोटो काढून मला पाठवले आणि आपल्या फोनमधून पुसून टाकले. पुढच्या महिन्यात "शाळेत लागतंय" म्हणून एकेक कागद झेरॉक्सला नेला. मूळ कागद निघायच्या दिवशी घेतले, तेही भाचीच्या चित्रकलेच्या फाइलमध्ये घालून.

जमेल तेवढं हे मिळवा:

- तिचं आणि मुलांचं आधार कार्ड, पॅन, मतदार ओळखपत्र
- मुलांचे जन्मदाखले, शाळेचे प्रगतिपत्रक, लसीकरणाचं कार्ड
- विवाह नोंदणीचा दाखला. तो नसेल तर लग्नाची पत्रिका आणि फोटो
- रेशन कार्डाची प्रत
- बँकेचं पासबुक, एटीएम कार्ड
- राहत्या घराचा कुठलाही कागद : वीजबिल, भाडेकरार, घरपट्टीची पावती
- नवऱ्याच्या उत्पन्नाचा पुरावा : पगाराची स्लिप, दुकानाचा परवाना, सातबारा, गाडीच्या कर्जाचा कागद
- जुन्या उपचारांचे केसपेपर, एक्स-रे, जखमांचे तारीख दिसणारे फोटो
- स्त्रीधनाची यादी, पावत्या, दागिने घातलेले लग्नातले फोटो
- रोजची औषधं निदान आठवड्याची, चष्मा, घराची एक किल्ली

राहत्या घराचा आणि उत्पन्नाचा कागद कुणालाच सुचत नाही, पण कोर्टात पहिला प्रश्न त्यावरूनच येतो. वीजबिलाचा साधा फोटोसुद्धा कामाला येतो.

कागद नाही मिळाले तरी निघणं थांबवू नका. आधार पुन्हा काढता येतं, जन्मदाखल्याची दुसरी प्रत नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत मिळते. प्रगतिपत्रकासाठी कुणी मार खात राहायचं नाही.

3. फोनची साफसफाई, पण निघाल्यावर

पहिल्या वेळी ती आमच्याकडे आहे हे त्याला तासाभरात कळलं होतं. कसं, ते आम्हाला दुसऱ्या खेपेला समजलं. तिच्या फोनवरचं गुगल खातं त्यानेच उघडून दिलं होतं, पासवर्ड त्याच्याकडे होता आणि नकाशातलं लोकेशन त्याला दिसत होतं.

निघण्याआधी फोनमध्ये फार बदल करू नका, त्याला संशय येतो. निघाल्यावर लगेच लोकेशन बंद करा. गुगल मॅप्समध्ये लोकेशन कुणाला दिसतंय ते पाहा, व्हॉट्सअॅपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून अनोळखी जोडण्या काढून टाका. नव्या नंबरवर नवं ईमेल खातं उघडा. मुलांचा टॅब किंवा जुना मोबाइलही तपासा, बऱ्याचदा माग तिथूनच लागतो. शक्य असेल तर काही दिवस साधा बटणांचा फोन वापरा. जुन्या फोनमधले धमकीचे मेसेज आणि रेकॉर्डिंग पुसू नका, तो पुरावा आहे.

आधारला नवऱ्याचा मोबाइल नंबर जोडलेला असेल तर प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे जाणार. आधार केंद्रावर ती स्वतः गेली की बोटांच्या ठशांवर नंबर बदलता येतो, जुन्या नंबरचा ओटीपी लागत नाही. तिच्या एकटीच्या नावाचं खातं दुसऱ्या बँकेत काढा आणि आधार त्या नव्या खात्याला जोडून घ्या. लाडकी बहीणसारख्या योजनांचे पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात. जोडणी जुन्या खात्यालाच राहिली आणि त्याचं एटीएम नवऱ्याच्या खिशात असलं तर दर महिन्याला पैसे त्याच्याच हाती पडतील.

4. पहिली रात्र

आपलं घर हे पहिल्यांदा सुचतं आणि तो शोधायलाही पहिल्यांदा तिथेच येतो. माहेरचा पत्ता त्याला पाठ असतो. त्याने शस्त्राची, जाळण्याची किंवा मुलं उचलून नेण्याची धमकी दिली असेल तर पहिले दिवस त्याला माहीत नसलेल्या ठिकाणी काढा.

181 ही महिला हेल्पलाइन आहे, फोन फुकट, रात्रीही लागतो. जवळचं 'सखी वन स्टॉप सेंटर' कुठे आहे ते तिथून कळेल. केंद्र सरकारची ही योजना 2015 पासून आहे. मार खाऊन आलेल्या बाईला राहण्याची जागा, दवाखाना, पोलीस, समुपदेशन आणि वकील एकाच छताखाली मिळावेत हा तिचा उद्देश. मुक्काम थोडाच असतो, साधारण पाच दिवस. हे आधीच लक्षात ठेवा, नाहीतर सहाव्या दिवशी पायाखालची जमीन सरकते. आत पाऊल टाकल्यावर दुसऱ्याच दिवशी विचारा, "इथून पुढे कुठे?"

पुढची जागा म्हणजे 'शक्ती सदन' (पूर्वीची स्वाधार गृहं आता याच नावाखाली आली आहेत), शासनाचं महिला राज्यगृह किंवा संस्थेचं निवारागृह. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात यांची माहिती मिळते.

इथे एक वाक्य पाठ करून ठेवा, कारण दारातूनच परत पाठवण्याचा प्रकार होतो. "आधी पोलिसात तक्रार करून या" किंवा "डीआयआर (कौटुंबिक घटना अहवाल) आणा, मग बघू" असं मला एका ठिकाणी ऐकवलं गेलं. कायदा तसं म्हणत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 याच्या कलम 6 प्रमाणे पीडित बाईने स्वतः, किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने (याच कायद्याखाली नेमलेला सरकारी अधिकारी) वा सेवा देणाऱ्या नोंदणीकृत संस्थेने विनंती केली की निवारागृहाने निवारा द्यायचा असतो. त्या कायद्याच्या 2006 च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की आधी घटना अहवाल नोंदवला नाही या कारणावरून निवारा नाकारता येत नाही. तिने सांगितलं तर ती तिथे आहे हे नवऱ्याला कळवायचंही नाही. मी शांतपणे कलम सांगितलं आणि "लेखी नकार द्या" म्हणाले. लेखी कुणी दिलं नाही. आत मात्र घेतलं.

5. मुलगा मोठा असेल तर आधीच विचारा

याबद्दल आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं, आणि सगळ्यात जास्त दुखलं ते इथेच.

बायकांच्या निवाऱ्यात आईसोबत मुली राहू शकतात, मुलग्यांना मात्र वयाची अट असते. माझा भाचा तेरा वर्षांचा, ओठांवर नुकती लव फुटलेली. गेटवरच्या बाई वाईट नव्हत्या. रजिस्टरमध्ये त्याचं वय लिहिता लिहिता त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "ताई, याला नाही ठेवता येणार." तो काही बोलला नाही. बहिणीची पिशवी त्याने आतल्या पायरीपर्यंत नेऊन ठेवली आणि माझ्याजवळ येऊन उभा राहिला. त्याच्या बापाचा हात अडवायला मध्ये पडणारा तोच होता आणि आता आईपासून वेगळाही तोच झाला.

म्हणून हेल्पलाइनवर बोलताना पहिल्याच वाक्यात मुलांची वयं सांगा. सोबत राहता येणार नसेल तर तीन वाटा आहेत. पहिली, विश्वासाचे नातेवाईक, पण बापाला सहज सापडणारे नकोत. दुसरी, बालकल्याण समितीमार्फत बालगृह. मुलांसाठीच्या 1098 या क्रमांकावरून समितीपर्यंत पोचता येतं. तिसरी, निवारागृहाचा टप्पाच गाळून थेट भाड्याची खोली. त्यासाठी आधीपासून पैसे गोळा करायला हवेत. आज पुन्हा तीच वेळ आली तर मी तिसरी वाट धरेन, त्यासाठी दागिना गहाण ठेवावा लागला तरी.

वेगळं राहावं लागलंच तर मुलाला खरं कारण सांगा. "नियम आहे, तुझी चूक नाही" हे त्याला पुन्हा पुन्हा ऐकायला लागतं. रोज ठरलेल्या वेळी आईचा फोन यायलाच हवा.

6. दवाखाना आणि पोलीस ठाणं

अंगावर मार असेल तर आधी सरकारी रुग्णालय. डॉक्टरांना "पडले" सांगू नये, कुणी मारलं आणि कशाने मारलं ते सांगावं, म्हणजे एमएलसी (पोलीस-कोर्टाच्या कामी येणारी वैद्यकीय नोंद) होते आणि जखमा कागदावर येतात. मुंबईत महापालिकेच्या काही रुग्णालयांत 'दिलासा' केंद्रं आहेत, तिथल्या समुपदेशक अशा बायकांसाठीच बसलेल्या असतात.

मग पोलीस ठाणं. इथला नेहमीचा सापळा म्हणजे एनसी, अदखलपात्र नोंद. हातात एक कागद मिळतो, बाईला वाटतं तक्रार झाली. पण एनसीवर पोलीस आपणहून तपास करत नाहीत. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेला छळ हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या 498-अ मध्ये होता, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 मध्ये आहे. त्याखाली एफआयआर करायचा की नाही हा तिचा निर्णय. करायचा असेल तर एनसीवर समाधान मानू नका. घटना दुसऱ्या हद्दीत घडली असली तरी कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो आणि त्याची प्रत फुकट मिळते.

सही करण्याआधी जबाब शब्दन् शब्द वाचा. आमच्या जबाबात "घरगुती किरकोळ वादातून" असं लिहिलं गेलं होतं. बहिणीने बोट ठेवून सांगितलं, "किरकोळ नाही, माझा हात मोडला होता." तो शब्द बदलून घेतला, मगच सही केली.

एफआयआर नको असेल तरीही एक अर्ज ठाण्यात द्याच. "मी स्वतःच्या मर्जीने, जिवाच्या भीतीने मुलांसह घर सोडले आहे, मी सुखरूप आहे, माझा पत्ता नवऱ्याला कळवू नये" असा अर्ज लिहा आणि आपल्या प्रतीवर पोच शिक्का घ्या. कारण दुसऱ्या दिवशी तो "बायको-मुलं हरवली" किंवा "मुलं पळवली" अशी तक्रार घेऊन उभा राहतो. हा अर्ज आधी गेलेला असला की पुष्कळ धावपळ वाचते.

महाराष्ट्रात काही पोलीस ठाण्यांच्या आवारात 'महिला व बालकांसाठी विशेष कक्ष' असतो. टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलिसांसोबत हे काम सुरू केलं. तिथे प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्त्या बसतात. ठाण्यात कुणी ऐकत नसेल तर तुमच्या भागात असा कक्ष आहे का ते आधी विचारा.

समेटाच्या बैठकीला बोलावलं तर "जायलाच हवं" असं नाही. गेलात तर ती आणि तो एका बाकावर बसणार नाहीत हे बघा. स्टॅम्प पेपरवर तो "पुन्हा हात उचलणार नाही" असं लिहून देतो, त्या कागदाला कोर्टाच्या आदेशाचं वजन नसतं.

7. घर सोडलं म्हणजे घरावरचा हक्क सोडला, असं नाही

"ती स्वतःच्या पायाने गेली, आता तिचा इथे काही संबंध नाही" हे सासरची माणसं इतक्या ठामपणे म्हणतात की बाईलाही ते खरं वाटायला लागतं. ते खरं नाही.

2005 च्या कायद्याच्या कलम 17 ने तिला सामाईक घरात, म्हणजे ती जिथे संसारात एकत्र राहिली त्या घरात, राहण्याचा हक्क दिला आहे, मग घर कुणाच्याही नावावर असो. 2020 मध्ये सतीश चंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी ते सामाईक घर ठरू शकतं. आणि 2022 मध्ये प्रभा त्यागी प्रकरणात म्हटलं की ती सध्या तिथे राहत नसली तरी हा हक्क मागू शकते. हा कायदा फक्त लग्नाच्या बायकोसाठी आहे असंही समजू नका. घरातली आई, बहीण, विधवा वहिनी आणि लग्नाशिवाय संसार करणारी बाईसुद्धा त्यात येते.

अर्ज कलम 12 खाली दंडाधिकाऱ्यांकडे करायचा. संरक्षण अधिकारी त्यासाठी मदत करतात, कौटुंबिक घटना अहवाल, म्हणजे सगळे ज्याला डीआयआर म्हणतात तो, तेच तयार करतात. त्यांना भेटायला पैसे लागत नाहीत. अर्ज ती आत्ता जिथे राहते तिथल्या कोर्टातही करता येतो, तात्पुरती राहत असली तरी. सासरच्या गावी तारखांना जाण्याची भीती त्यामुळे संपते.

निवाऱ्याच्या दृष्टीने कलम 19 सगळ्यात महत्त्वाचं. तिला घरातून काढू नये, नवऱ्याने स्वतः बाहेर पडावं, ते घर विकू नये, असे आदेश त्यात मागता येतात. आणि त्या घरात परत जाणं धोक्याचं असेल तर त्याच दर्जाची दुसरी जागा द्यावी किंवा तिचं भाडं त्याने भरावं असा आदेशही मागता येतो. ही भाड्याची मागणी अर्जात वेगळ्या ओळीत लिहायला सांगा. आमच्या पहिल्या मसुद्यात फक्त पोटगी होती, भाडं नव्हतंच. स्त्रीधन परत मिळावं हेही लिहा. मुलांचा तात्पुरता ताबा कलम 21 खाली येतो.

कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात तारखा लांबतात. म्हणून मुख्य अर्जासोबतच कलम 23 चा अंतरिम अर्ज द्या. धोका मोठा असेल तर समोरच्याला न ऐकताही आदेश होऊ शकतो. संरक्षणाचा आदेश त्याने मोडला तर कलम 31 प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्या आदेशाची प्रत पर्समध्ये, शाळेत आणि जवळच्या पोलीस ठाण्यात असू द्या.

2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. तिची शिवणकामाची कमाई त्यात खरी लिहा. लपवलेली चार हजारांची कमाई उघडी पडली की त्याच्या लपवलेल्या चाळीस हजारांकडे कुणी बघत नाही.

वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 ला फोन करा. 1987 च्या कायद्याने बायकांना मोफत वकील मिळतो, त्यांचं उत्पन्न कितीही असो. मिळालेला वकील तारखेला येत नसेल तर तिथेच लेखी सांगून बदलून मागता येतो.

8. मुलांची शाळा

"दाखला आणल्याशिवाय प्रवेश नाही" असं सांगितलं जातं आणि दाखल्यासाठी बाई जुन्या गावात जाते, तिथे तो उभाच असतो. असं करू नका. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वयाच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत दाखला उशिरा येईल या कारणाने प्रवेश अडवता येत नाही. वर्षाच्या मध्यातही प्रवेश मिळतो.

मात्र नवी शाळा जुन्या शाळेकडे दाखला मागते तेव्हा नव्या शाळेचं नाव तिकडे पोचतं. दोन्ही मुख्याध्यापकांना समक्ष किंवा फोनवर आधी विश्वासात घ्या. नव्या शाळेत वर्गशिक्षिकेला लेखी द्या की मुलाला न्यायला कोण दोघंच येतील. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मुलांचे फोटो टाकू नयेत हेही सांगा.

9. निवारागृहातले महिने

इथे नियम असतात. बाहेर जायची-यायची वेळ, फोनची वेळ, सगळ्यांनी मिळून करायची कामं. नुकतीच एका माणसाच्या धाकातून सुटलेल्या बाईला हे पुन्हा जाचक वाटतं आणि ती "इथेही तेच" म्हणून परत जायची भाषा करते. तिचं ऐकून घ्या. नियम कोणते, मुक्काम किती, नोकरीला बाहेर जाता येतं का, हे पहिल्याच आठवड्यात विचारून लिहून ठेवा म्हणजे रोजचे खटके कमी होतात.

झोप लागायला वेळ लागतो. बहीण पहिले तीन आठवडे चप्पल उशाशी घेऊन झोपायची. पटकन पळता यावं म्हणून लागलेली सवय. त्याबद्दल मी काही बोलले नाही. एके दिवशी चप्पल बाहेर स्टँडवर दिसली.

या काळात कमाईचं काहीतरी सुरू व्हायला हवं आणि आमच्यासारख्यांनी खोलीसाठी पैसे साठवायला हवेत. अनामत, पहिलं भाडं, एक गॅस शेगडी, चार भांडी. आम्ही पाच जणींनी मिळून दर महिन्याला ठरावीक रक्कम तिच्या नव्या खात्यात टाकली. उसने म्हणून नव्हे, आणि हिशोब कधीच विचारला नाही.

10. भाड्याची खोली

एजंटचा पहिला प्रश्न असतो, "मिस्टर काय करतात?" तिने सगळी कहाणी सांगायची गरज नाही. "मी नोकरी करते, मुलांसोबत राहते, भाऊ-बहिणी येऊन-जाऊन असतात" एवढं पुरे. खोटंही सांगू नये, नंतर ते अंगावर येतं. आम्हाला सात ठिकाणी नकार मिळाला. आठव्या ठिकाणी मालकीणबाईंनी काहीच विचारलं नाही, फक्त पाणी सकाळी किती वाजता येतं ते सांगितलं. एकटीने जमत नसेल तर मुलांना सोबत ठेवू देणारी नोकरदार महिलांची वसतिगृहंही काही शहरांत आहेत, 'सखी निवास' या नावाने.

करार तिच्याच नावावर करा, भावाच्या नाही. पुढे रेशन, गॅस, बँक, आधारचा पत्ता सगळं त्या करारावर चालतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. तोंडी करारावर राहिलात तर उद्या नवरा येऊन तमाशा करतो आणि मालक संध्याकाळपर्यंत खोली खाली करायला सांगतो, तेव्हा हातात काही नसतं. अनामत रकमेचा आकडा करारात येऊ द्या आणि ती बँकेतून द्या. नोंदणी झालेल्या दस्ताची सूची ही सार्वजनिक नोंद असते. पत्ता गुप्त ठेवणं जिवाशी निगडित असेल तर करार करण्याआधी वकिलाशी यावर बोला.

खोली बघताना भाड्याइतकंच दाराकडे बघा. जिन्यात दिवा आहे का, खिडकीला गज आहेत का, बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, हाक मारली तर शेजारी ऐकू जाईल का. आम्ही पहिल्या दिवशी भांडी नव्हे, आतून लावायची जाड कडी आणि दाराला भिंग आणलं. जुन्या कुलपाच्या किल्ल्या किती लोकांकडे असतील कुणी सांगावं, म्हणून कुलूपही नवीन घेतलं. एका विश्वासाच्या शेजारणीला तेवढ्यापुरतं सांगितलं : "आरडाओरडा ऐकू आला तर मध्ये पडू नका, 112 ला फोन करा."

11. आदेश झाल्यावरचे महिने

भाड्याचा किंवा पोटगीचा आदेश झाला म्हणजे पैसे आले असं नाही. पहिले दोन हप्ते वेळेवर आले, तिसरा आला नाही. थकलेल्या रकमेच्या वसुलीसाठी त्याच कोर्टात अर्ज करता येतो. वाट बघत वर्ष घालवू नका, महिना चुकला की तारीख लिहून ठेवा आणि वकिलाला कळवा. रक्कम बँक खात्यातच घ्या. रोख घेतली तर त्याने किती दिले हे सिद्ध करणं अवघड आणि रोख द्यायच्या निमित्ताने त्याला दारात यायला मिळतं.

मुलांना भेटायचा हक्क त्याला मिळाला तर भेट कोर्टाच्या आवारात किंवा ठरलेल्या सार्वजनिक ठिकाणी, तिसऱ्या माणसासमोर व्हावी अशी मागणी करा. मुलाला भेटून परतताना वाट बदला. "नवं घर कुठे आहे?" हा प्रश्न मुलालाच विचारला जातो, उत्तर न देण्याचं ओझं त्याच्यावर टाकू नका. "आईला विचारा" एवढं एक वाक्य त्याला शिकवून ठेवा.

करार अकरा महिन्यांचा असतो. नवव्या महिन्यातच मालकीणबाईंशी बोलून घ्या, कारण त्या सुमारास भाचीची वार्षिक परीक्षा असेल आणि त्या दिवसांत पुन्हा खोली शोधायची वेळ येता कामा नये. आमचा पहिला करार संपायच्या आधी एका रविवारी भाचा त्याची गादी गुंडाळून माझ्या घरून आईकडे राहायला गेला. खोली दहा बाय बाराची. गादी कुठे टाकायची यावरून बहीण-भावाचं भांडण झालं, चांगलं अर्धा तास, मोठ्या आवाजात, आणि कुणीही दचकलं नाही.